मदत हवी आहे: ट्रस्टमधलं उत्पन्न कोणतं आणि मुद्दल कोणतं? (कॅलिफोर्निया)

काकांच्या पश्चात त्यांच्या ट्रस्टचा मी ट्रस्टी झालोय. काकू हयात असेपर्यंत सगळं उत्पन्न त्यांना, पुढे मुद्दल काकांच्या पहिल्या लग्नाच्या दोन मुलांना. म्हणजे मी पैसा कुठल्याही रकान्यात लिहिला तरी एक बाजू नाराज!

दोन म्युच्युअल फंड आणि भाड्याने दिलेलं एक घर आहे. भाडं उत्पन्नात, यावर वाद नाही. पण डिसेंबरात एका फंडाने 18,400 डॉलर वाटले. काकू म्हणतात, "अरे, आपण युनिट विकलेच नाहीत, फंडाने आपणहून दिले, मग ते उत्पन्नच." थोरला म्हणतो, हा भांडवली नफा, हात लावायचा नाही. ट्रस्टच्या कागदात याबद्दल अवाक्षर नाही. त्यातच घराचं छप्पर बदलायला झालंय. वकिलाकडे जाणारच आहे, पण तिथे मीटर चालू असतो, म्हणून आधी इथे विचारतोय.

खतावणी (सदस्यनाम): कागद गप्प असेल तर राज्याचा कायदा बघायचा. तुमच्याकडे 2024 पासून नवा लागू आहे. फंडाचा 1099-डिव्ह फॉर्म (वर्षभरात काय काय वाटलं ते करासाठी दाखवणारा) काढा. चौकट 2ए, म्हणजे दीर्घ मुदतीचा नफा, मुद्दलात. चौकट 1ए, म्हणजे साधा डिव्हिडंड, एरवी उत्पन्नात. पण फंडाचा अल्प मुदतीचा नफाही 1ए मध्येच येतो, तो काकूंचा की मुद्दलाचा हे वकिलाकडून पक्कं करा. आणि डिव्हिडंड आपोआप परत गुंतवला जात असेल तर ते बंद करून रोख घ्या, नाहीतर काकूंचा पैसा गुपचूप मुद्दलात जाऊन बसतो.

सानेकाका: नळदुरुस्ती, प्रॉपर्टी टॅक्स भाड्यातून. अख्खं नवं छप्पर मात्र मुद्दलातून.

धागाकर्ता: आभार! 2ए मध्ये 15,900 निघाले. आता काकूंना फोन करायचाय :( त्यांना डिव्हिडंड तसाही फार तुटपुंजा मिळतो.

खतावणी: मग 'पॉवर टू अ‍ॅडजस्ट'बद्दल वकिलाला विचारा. डिव्हिडंड फारच कमी असेल तर ट्रस्टी काही रक्कम मुद्दलातून उत्पन्नात वळवू शकतो. दोन्ही बाजूंचा विचार करून मात्र, आणि कारणं लेखी ठेवून. तुम्ही स्वतः लाभार्थी असाल तर सहसा हे जमत नाही. आणि हो, त्या 15,900 वरचा कर ट्रस्टला भरावा लागला तर तो मुद्दलातूनच भरा, काकूंच्या हिश्श्यातून कापू नका.