अटकळ, अनुमान की गृहीतक?

प्रश्न: '२ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते.' गणितज्ञ गोल्डबाखच्या या विधानाला कुठे 'अनुमान', कुठे 'सिद्धान्त', तर कुठे 'गृहीतक' म्हटलेलं दिसतं. नेमका शब्द कोणता?

— अटकळ. 'सिद्धान्त' बादच, सिद्धताच नाही तर कसला सिद्धान्त? 'अनुमान' न्यायशास्त्रातलं: धूर आहे म्हणून अग्नी आहे, असा हेतू (म्हणजे कारण) दाखवून काढलेलं. इथे हेतूच हाती नाही. ९८ घ्या. त्यातून ३, ५, ७, ११, १३, १७ वजा केले की उरतात ९५, ९३, ९१, ८७, ८५, ८१. एकही मूळ नाही (९१ फसवा आहे, ७ × १३). १९ ला मात्र ७९ भेटतो. दर वेळी जोडी जमते, पण ती जमायलाच हवी असं का, ते सांगता येत नाही. ४ वर १८ शून्ये, इथवर संगणकाने तपासून झालंय. तरी अटकळच.

— 'अटकळ' फार अंदाजपंचे वाटतं हो. गणितज्ञ ऑयलरने १७४२ मध्ये गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रोत्तरात याला खात्रीचं प्रमेय म्हटलं होतं, सिद्ध करता येत नसूनही.

— त्याच ऑयलरची १७६९ ची अटकळ बघा: पाचव्या घातांची बेरीज पुन्हा पाचवा घातच यायची तर किमान पाच पदं लागतील. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी चारांत भागवलं! २७, ८४, ११० आणि १३३ यांच्या पाचव्या घातांची बेरीज म्हणजे १४४ चा पाचवा घात. मोडू शकणाऱ्या विधानाला हलकाच शब्द बरा.

— 'गृहीतक' म्हणजे युक्लिडची गृहीतकं, सिद्धता न मागता मानलेली. मूळ संख्या कशा विखुरल्या आहेत याच्याशी निगडित रीमानच्या विधानापुरतं ते चालवून घ्यावं. १८५९ चं ते विधान खरं धरून कितीतरी प्रमेयं सिद्ध केलेली आहेत. फक्त तिथे 'रीमानचं गृहीतक खरं असल्यास' हे शब्द गाळू नका, नाहीतर सशर्त निकाल बिनशर्त होऊन बसतो.

— न सुटलेल्या प्रश्नाला 'असाध्य'ही म्हणू नये, 'अनुत्तरित' म्हणा. गणितज्ञ हिल्बर्टच्या प्रश्नयादीतला दहावा प्रश्न असा: कुठल्याही डायोफँटाइन समीकरणाला (पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदी समीकरणाला) पूर्णांकी उकल आहे की नाही, हे ठरवणारी सरसकट रीत द्या. अशी रीत असूच शकत नाही, हे १९७० मध्ये मतियासेविचच्या कामाने सिद्ध झालं. म्हणजे रीत असाध्य, पण प्रश्न सुटलेला.

— गोल्डबाख लिहिताना 'दोन भिन्न मूळ संख्या' असंही नको. ४ = २ + २ आणि ६ = ३ + ३, यांना दुसरी जोडीच नाही.