जनरल क्रुक: अपाचेंचा कैवारी?

सरहद्दवाला: अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरचा सेनाधिकारी म्हटलं की सगळ्यांना जनरल कस्टर आठवतो. मला जनरल जॉर्ज क्रुक मोठा वाटतो. १८७९ मध्ये पोंका या तिथल्या आदिवासी जमातीचा प्रमुख स्टँडिंग बेअर मुलाच्या अस्थी मूळ गावी पुरायला विनापरवाना नेब्रास्कात परतला. त्याला पकडायचा हुकूम क्रुकला होता. त्याने पकडलं, पण ओमाहातल्या एका संपादकाच्या कानावर ही हकिगतही घातली. खटला उभा राहिला, प्रतिवादी खुद्द क्रुक! न्यायाधीश डंडींनी निकाल दिला: इंडियन, म्हणजे अमेरिकेतला मूळ आदिवासी, हा कायद्याने 'व्यक्ती' आहे.

निंबोणी: अटक केली ना पण? आणि अ‍ॅरिझोना विसरलात. तिथे अपाचे जमातीतलेच स्काउट, म्हणजे माग काढणारे वाटाडे, भरती करून त्यांच्याच भाऊबंदांचा माग काढला. गाड्यांऐवजी खेचरांचे तांडे, म्हणजे कुठल्याही डोंगरात पाठलाग. १८७२ च्या डिसेंबरात त्याच्या फौजेने सॉल्ट नदीकाठच्या गुहेत बायकापोरांसह यावापाई जमातीचे सत्तरच्या वर लोक मारले. भारी कैवारी!

सरहद्दवाला: ते नाकारत नाही. पण १८८६ मध्ये अपाचे नेता जेरोनिमो शरण येऊन पुन्हा पळाला, तेव्हा सरसेनापती शेरिडनचा स्काउटांवरच संशय. क्रुकने पद सोडलं. त्याच्या जागी आलेल्या माइल्सच्या काळात जेरोनिमोबरोबर इमानी स्काउटही कैदी म्हणून फ्लोरिडाला गेले. त्यांच्यासाठी क्रुक अखेरपर्यंत भांडला.

जुना_नकाशा: मला सॉल्ट नदीपेक्षा १८८९ जास्त खटकतं. सू या आदिवासी लोकांच्या राखीव मुलखातली सुमारे ९० लाख एकर जमीन सरकारला हवी होती आणि करारानुसार तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागत. आधीच्या वर्षी सह्या घ्यायला आलेलं सरकारी मंडळ हात हलवत परतलं होतं. मग क्रुक आला. मेजवान्या दिल्या, एकेकाला गाठलं, सरकारकडून मिळणारा शिधा कमी होणार नाही असं सांगितलं. सह्या झाल्या आणि थोड्याच दिवसांत गोमांसाचा शिधा कापला! याचं नाव खोटं बोलणाऱ्यांत नव्हतं, म्हणूनच त्याला पाठवलं होतं.

सरहद्दवाला: शिधा त्याने नाही कापला. तो वॉशिंग्टनला जाऊन भांडला. आणि सही नाही दिली तर सगळंच जाईल, असं त्याला खरोखर वाटत होतं.

जुना_नकाशा: वाटत असेल. पण वॉशिंग्टन शब्द कसा पाळतं हे १८८६ ला स्काउटांच्या बाबतीत पाहिल्यावर तीन वर्षांनी त्याच वॉशिंग्टनच्या वतीने शब्द द्यायला हा गेलाच कशाला?

निंबोणी: याचं उत्तर द्या आधी, सरहद्दवाले. खटल्याचं नंतर बघू.