सायकलवर असताना कुणी दार उघडलं?

थंडी पडली की इंदूरहून सायकलवर निघणारे वाढतात. कुणी ओंकारेश्वर, कुणी महेश्वर, कुणी थेट पुणं. किलोमीटर सगळे सांगतात. रात्री कुणाच्या ओसरीवर पाठ टेकली, ते सांगायचं राहून जातं. तेच इथे लिहा. सुरुवात मी करतो.

पुण्याला निघालो होतो, आग्रा-मुंबई रस्त्यानं, एकटाच. मानपूरनंतर गणेश घाट उतरलो आणि पाहतो तर मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटलेले, तेही गिअरच्या बाजूचे. चाक आऊट, म्हणजे फिरताना डुलतंय, ब्रेकला घासतंय. ब्रेक मोकळा करून ढकलत चाललो. धामनोदच्या अलीकडे एका शेतकरी काकांनी ट्रॅक्टर थांबवला, सायकल ट्रॉलीत टाकली आणि मला घरी नेलं. पहिला प्रश्न एवढाच, "पहले नहाओगे कि खाओगे?" ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती, निमाडात तिला अमाडी म्हणतात. सकाळी मला जाग येण्याआधीच त्यांचा मुलगा तुटलेला स्पोक मापाला घेऊन मोटारसायकलवर धामनोदला जाऊन आला होता. चाकाचा आऊट काढायला आम्हाला दोन तास लागले. निघताना मी पैसे पुढे केले. काकांचा चेहरा पडला. तो चेहरा मला अजून विसरता आलेला नाही. आता सामानात लौंगसेवेची पुडी असते, आणि ती पोचल्या पोचल्या घरातल्या मुलांच्या हातात देतो.

इंदूरच्या रामबागेतून

मी आणि मैत्रिणीनं सायकलवर नर्मदा परिक्रमा केली. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, ती कुठेही ओलांडायची नाही. म्हणून दक्षिण तटावरून जाताना विमलेश्वरला सायकली होडीत चढवून, मुखापाशी समुद्रातून पलीकडे मिठी तलाईला उतरावं लागतं. होडी भरतीच्या वेळेवर सुटते, त्यामुळे थांबणं आलंच. सायकली उचलून द्यायला सोबतचे पायी परिक्रमावासी धावले. आमच्या दुप्पट वयाचे होते.

दोघीच असल्यामुळे मुक्कामाची काळजी असायची. आम्ही ठरवून टाकलं होतं: गावात शिरलं की "नर्मदे हर" म्हणायचं आणि आधी घरातल्या आजीशी बोलायचं. सदाव्रत बऱ्याच ठिकाणी मिळालं, म्हणजे पीठ, डाळ, मीठ. पण एका आजींनी ते आमच्या हातातून काढून घेतलं. "थकलेल्यांनी चूल पेटवायची नाही," म्हणाल्या, आणि रात्री आम्हा दोघींच्या मध्ये झोपल्या.

सुदामानगरहून

माझा अनुभव चांगला नाही. एका लॉजवर सायकल आत घेऊ देईनात. शेजारच्या चहावाल्या भैयांनी ती टपरीत ठेवली आणि स्वतः बाहेर बाकावर झोपले. चहाचे पैसे तेवढे घेतले.

लोकमान्यनगरहून

मी कधी सायकलवर गेले नाही, पण आमच्याकडे चार-पाच वेळा सायकलवाले उतरले आहेत. यजमानांसाठी लिहिते. आल्यावर गप्पांना बसवू नका. त्यांना आधी मोरी, मग दोरीवर जागा, मग मोबाइलसाठी प्लग लागतो. भात सढळ हातानं करा. नऊ वाजता दिवा मालवा, मग कितीही विचारावंसं वाटलं तरी.

गेल्या वर्षी केरळची दोन मुलं होती. हिंदी जेमतेम, मराठी तर नाहीच. पहाटे साडेचारला निघाली, मी पराठे बांधून दिले. दुपारी फोटो आला: खलघाटचा पूल, खाली नर्मदा, आणि कठड्यावर माझा रिकामा डबा.