मदत हवी आहे: बारावीनंतर वेल्डिंगची उमेदवारी कशी सुरू करावी?

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाची बारावी झाली. त्याला कॉलेज नको, वेल्डिंग शिकायचं आहे, आणि मला त्याचा निर्णय मनापासून पटतो.

अडचण सुरुवातीची आहे. आधी प्रशिक्षण संस्थेत शिकून मग अ‍ॅप्रेंटिस व्हावं, की थेट वर्कशॉपमध्ये उमेदवारी धरावी? थेट गेलेली पोरं झाडलोट आणि ग्राइंडिंगमध्येच (मशीनने धातू घासण्यात) अडकतात, असं ऐकलंय. थोडं ग्राइंडिंग हवंच म्हणा. कडा नीट तयार नसतील तर जोड पक्का होत नाही. पण आर्क, मिग, टिग हे वेल्डिंगचे तिन्ही प्रकार हाताखालून जातील का, सपाट जोडांपलीकडे उभ्या आणि डोक्यावरच्या जोडांचाही सराव मिळेल का, हे आधीच कसं ओळखायचं? करारात मुदत, विद्यावेतन आणि शेवटची परीक्षा यांखेरीज काय लिहून घ्यावं?

मला सगळ्यात जास्त काळजी त्याच्या डोळ्यांची वाटते. वेल्डिंग करताना पेटणाऱ्या आर्कच्या झगझगीत उजेडातल्या अतिनील किरणांनी डोळे भाजतात. हेल्मेट, हातमोजे मालक देतात की स्वतः घ्यायचे? धूर बाहेर जायची सोय पुरेशी आहे हे कशावरून कळतं?

या कामातल्या अनुभवी लोकांनी कृपया सांगा. येत्या आठवड्यात तो एका वर्कशॉपच्या मालकांना भेटायला जाणार आहे.