अनुभव धागा: दिवे गेल्यावर बोलणारा रेडिओ

मागच्या वादळात आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या टॉवरनेही मान टाकली. माळ्यावरचा रेडिओ काढला, तर आत अल्कलाइन सेल गळून पांढरी पूड जमलेली आणि स्प्रिंग हिरवी पडलेली. आता नवा घ्यायचाय, शिबिरालाही नेता येईल असा. जाहिरातीत सगळेच सर्वगुणसंपन्न दिसतात, म्हणून ज्यांनी खरंच वापरलाय त्यांनी लिहा. बिघडलेल्याचं आधी लिहा.

*

मी हँडल फिरवायचा घेतला होता. मिनिटभर घरघर फिरवलं की आवाज बारीक ठेवून पाच-सात मिनिटं चालायचा. तंबूत पहाटे फिरवला तेव्हा शेजारच्या झोपलेल्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पाठीवरची सोलर पट्टी काडेपेटीएवढी, तिच्याकडून काय होणार! आणि दोन वर्षं कपाटात राहून आतली बॅटरीच मेली, ती बदलायची सोय नव्हती. हँडल असू द्या, पण साधे सेलही बसतील असा बघा.

*

वरच्यांशी सहमत. माझा छोटा रेडिओ दोन एए सेलवर चालतो. कमी आवाजात साधारण 30 मिलिअँपिअर ओढतो, सेल 2000 मिलिअँपिअर-तासांचा धरला तरी साठ तासांच्या पुढे जातो. एरवी सेल बाहेर काढून रेडिओच्याच पिशवीत ठेवायचे. विसराळूपणावर दुसरा इलाज मला सापडलेला नाही.

*

फक्त एफएमचा घेऊ नका, एवढंच कळकळीने सांगते. आम्ही दरीत मुक्कामाला होतो, चारी बाजूंनी डोंगर. एफएमवर नुसती खरखर, एरियल पूर्ण ताणून, उभी-आडवी करूनही काही नाही. मग मीडियम वेव्ह लावलं आणि बातम्या लागल्या. त्या लहरी लांब असल्यामुळे जमिनीच्या उंचवट्यांना धरून बऱ्याच पुढे जातात. रात्री तर आयनमंडलावरून, म्हणजे वातावरणाच्या अगदी वरच्या थरावरून, परतून शेकडो किलोमीटरवरची केंद्रं येतात.

पण गंमत अशी की मीडियम वेव्हला त्या लांब एरियलचा उपयोगच नसतो. तिचं एरियल म्हणजे आतली फेराइटची (एका चुंबकीय पदार्थाची) तार गुंडाळलेली कांडी. त्यामुळे रेडिओच हळूहळू गोल वळवायचा. आमचा एका कुशीवर ठेवला की स्पष्ट बोलायचा, पाव फेरा दिला की गप्प. दगडावर खडूने खूण करून ठेवली होती.

*

आणि जवळ एलईडी दिवा किंवा चार्जर चालू असेल तर तो बंद करून बघा. मी तासभर रेडिओला नावं ठेवत होतो, करामत दिव्याची होती.

*

‘वेदर बँड’ लिहिलेलं बघून भुलू नका. तो पट्टा 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झचा, अमेरिकेच्या हवामान प्रसारणासाठीचा. तिथे राहत असाल तर जरूर घ्या, इशारा आला की आपोआप बोंबलणारेही मिळतात. मी जिथे राहतो तिथे त्या बटणावर शांतता.

*

माझा डिजिटल आहे. केंद्रं साठवता येतात, अंधारात आकडे दिसतात, सगळं छान. फक्त पहिल्या सहलीत कुलपाचं बटण लावायचं राहिलं. सॅकमध्ये कपड्यांखाली दाबला जाऊन तो दिवसभर एकटाच गात होता. मुक्कामी पोचलो तेव्हा सेल ठार.

*

धागाकर्त्यांनो, ती हिरवी स्प्रिंग फेकू नका. कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग पाण्याच्या ओल्या काडीने, आणि चांगली वाळू द्या. हातमोजे घाला.

*

केलं. दोन स्प्रिंगांपैकी एक तुटली, तिथे ॲल्युमिनियमच्या फॉइलची गुंडाळी कोंबली. बोलतोय! एफएम जरा किरटं आहे, मीडियम वेव्ह उत्तम. पाव फेऱ्याचं खरंच आहे हो, खिडकीशी आडवा धरला की बोलती बंद. हँडलवाल्यांनी कुठला मॉडेल तेवढं मात्र सांगा, म्हणजे तो घ्यायला नको.