पाळीप्रमाणे 6 आठवडे 5 दिवस, पण सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत

अबोली
वहिनीची पहिलीच खेप. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर सोनोग्राफीच्या दिवशी 6 आठवडे 5 दिवस भरले होते. रिपोर्टमध्ये गर्भाशयात 8 मिमीची पिशवी आणि योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी) आहे; गर्भ आणि ठोके नाहीत. दहा दिवसांनी परत बोलावलंय. तिची पाळी एरवीही 36-38 दिवसांनी येते. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय. त्यात मळमळ इतकी की फोडणीचा वासही सहन होत नाही. तिसरा महिना संपेपर्यंत काय काय धरून चालायचं?

निशिगंध
तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: पाळी 36-38 दिवसांची. आठवड्यांचं गणित 28 दिवसांची पाळी धरून मांडतात. वहिनींचं बीज साधारण दहा दिवस उशिरा सुटलं असणार, म्हणजे खरं वय सव्वापाच आठवड्यांच्या आसपास. 8 मिमीची पिशवी त्या वयाला अगदी जुळते. पिशवी पाचव्या आठवड्यात दिसते, मग योक सॅक, आणि ठोके सहा-साडेसहा आठवड्यांना, तेही आतून (योनिमार्गातून) केलेल्या सोनोग्राफीत.

वाढ थांबली असं एकाच तपासणीवरून म्हणायला पिशवी 25 मिमी होऊनही आत गर्भ नसावा लागतो, किंवा गर्भ 7 मिमीचा होऊनही ठोके नसावे लागतात. इथे दोन्ही नाही. त्यामुळे दहा दिवस थांबणं हाच बरोबर सल्ला आहे. मधे घाईने दुसरीकडे सोनोग्राफी केली तर पुन्हा अर्धवटच उत्तर मिळेल. योक सॅक गर्भाशयात दिसली, म्हणजे गर्भ नळीत अडकल्याची भीतीही जवळपास मिटली.

गवतीचहा
मळमळीबद्दल. ती सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि बहुतेकींची बारा ते सोळा आठवड्यांत ओसरते. रिकाम्या पोटी ती वाढते. उशाशी कुरमुरे, लाह्या किंवा खाकरा ठेवा. उठून बसण्याआधी दोन घास खायचे, पंधरा मिनिटांनी उठायचं. दर दोन तासांनी थोडं खायचं, पाणी जेवणासोबत नको, मधल्या वेळात घोट घोट. गरम अन्नाचा वास जास्त सुटतो. गार दहीभात बऱ्याचदा टिकतो.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्सिलामाइन-पायरिडॉक्सिनची गोळी डॉक्टर देतात. ती रात्री घ्यायची, कारण तिचा परिणाम सकाळपर्यंत पोचायला वेळ लागतो. झोप येते, पण बाळासाठी सुरक्षित आहे. पाणीही टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल किंवा वजन पाच टक्क्यांनी उतरलं असेल तर घरी थांबू नका, सलाईन लागेल.

फॉलिक ॲसिड 400 मायक्रोग्रॅम रोज, एक दिवसही चुकवू नका. मधुमेह किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस वेगळा असतो, आधी सांगा. लोहाची गोळी सहसा चौथ्या महिन्यापासून. आत्ता घेतली तर मळमळ आणि बद्धकोष्ठता दोन्ही वाढतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर मात्र डॉक्टर आधीच सुरू करतात.

निशिगंध
तपासण्या राहिल्याच. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ-बी, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी), लघवी. थॅलेसेमिया-सिकलसेलची तपासणी आत्ताच मागून घ्या, विदर्भ, नंदुरबार, पालघरकडचं कुटुंब असेल तर नक्कीच. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) 11 आठवडे ते 13 आठवडे 6 दिवस यातच होतो, आणि हे आठवडे दुसऱ्या सोनोग्राफीत ठरलेल्या वयावरून मोजा. पाळीवरून तारीख घेतली तर गर्भ लहान निघेल आणि परत यावं लागेल. सोनोग्राफीला ओळखपत्र न्या, लिंगनिदानबंदी कायद्याखालचा फॉर्म एफ भरावा लागतो.

बारा आठवड्यांच्या आत आशाताईंकडे नोंदणी करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. मातृवंदना योजनेचे पहिल्या खेपेचे 5000 रुपये त्या नोंदणीवर अवलंबून आहेत.

अबोली
खूप धीर आला. थोडा तपकिरी डाग दिसला तर? आणि सासूबाई पूर्ण झोपून राहायला सांगताहेत.

गवतीचहा
तपकिरी डाग या दिवसांत बऱ्याच जणींना दिसतो. डॉक्टरांना फोन करून कळवा. लाल रक्त, तासाभरात पॅड भिजणं, गाठी, एका बाजूला तीव्र दुखणं, चक्कर, ताप, यांपैकी काहीही असेल तर थेट दवाखाना, रात्र असली तरी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही सांगा, अँटी-डीचं इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून देतात) त्यावर ठरतं. झोपून राहिल्याने गर्भपात टळतो याला आधार नाही. उलट बद्धकोष्ठता वाढते आणि पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. रोजची कामं, चालणं चालू द्या. अंगदुखीला ब्रुफेन नको, पॅरासिटामॉल चालतं.