इंटरसेप्टर ६५०: फ्री-फ्लो आणि पिगीबॅक लावल्यापासून ३ हजारावर गचके, मॅप चुकलाय का?

घाटवेडा_सातारा

मंडळी, गाडी २०२१ ची रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर, २६ हजार किमी झालेली. दिवाळीत हौस केली. बेंड पाइप (इंजिनातून धूर सायलेन्सरकडे नेणारे) उतरवून काळं सिरॅमिक कोटिंग करून आणलं, मागे फ्री-फ्लो सायलेन्सर, मोकळा एअर फिल्टर आणि एका दुकानातून पिगीबॅक, म्हणजे इंजिनात जाणारं पेट्रोल कमी-जास्त करणारी जोडडबी. दुकानदार म्हणाला, "या सेटिंगचा तयार मॅप आहे आपल्याकडे." मॅप म्हणजे कधी किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता. लॅपटॉप लावला, दहा मिनिटांत काम आटोपलं.

तेव्हापासून ३ ते ४ हजार आरपीएमला थ्रॉटल एकसारखा धरला की गाडी गचके खाते. गंमत म्हणजे जोरात पिळली की एकदम मख्खन. त्यामुळे कासच्या चढाला काही कळत नाही, पण हायवेला ८० ने निवांत चाललो की डोकं उठतं. मायलेज २६ वरून १९ वर आलंय. सिग्नलला उभा राहिलो की सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास, थ्रॉटल सोडला की फटफट.

काल प्लग काढले. डावा काजळीने काळाकुट्ट, उजवा बिस्किटी. फोटो टाकलाय. दुकानदाराने आतापर्यंत तीनदा पेट्रोल कमी करून दिलं, दर वेळी ५ टक्के. दोन दिवस बरी चालते, मग पुन्हा तेच. आता पुण्याला डायनोवर (गाडी रोलरवर चालवून मोजायचं यंत्र) नेऊन नवा मॅप करावा म्हणतोय. पैसे वाया जाणार नाहीत ना?

नाशिकचा_नाना

सगळा दोष ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा. माझ्याही गाडीचं मायलेज पडलंय. मॅप-बिप काही करू नकोस, पिगीबॅक काढून ओएलएक्सवर टाक.

उद्यमनगरी

नाना, ई-२० दोन्ही सिलिंडरला सारखंच जातं की. डावा प्लग काळा आणि उजवा बिस्किटी, हे इथेनॉलचं काम नव्हे.

घाटवेड्या, भावा, तू सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्याच ओळीत सांगितलीस आणि पुढे निघून गेलास. बेंड पाइप उतरवले होतेस. परत बसवताना हेडमधलं, म्हणजे पाइप इंजिनाला जोडतो त्या सांध्यातलं, पॅकिंग नवं टाकलं का? माझी पैज आहे, नाही. ते एकदा दाबलं गेलं की पुन्हा नीट बसत नाही. वीस गाड्यांत पंधरांना लोक जुनंच ठेवतात, "चालतंय की" म्हणून.

आता बघ काय होतं. तुझ्या गाडीला दोन सिलिंडर, दोन इंजेक्टर आणि प्रत्येक बेंडवर आपापला ऑक्सिजन सेन्सर. डाव्या पॅकिंगमधून गळती असेल तर तिथून नुसता धूर बाहेर पडत नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपात ओढ तयार होते आणि बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो. तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगतो, पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू बिचारा वाढवतो. डावा प्लग काळा होतो, मायलेज पडतं, वास येतो. तुझा दुकानदार पिगीबॅकमधून ५ टक्के काढतो, ईसीयू पुन्हा तेवढं भरतो. दोघांची रस्सीखेच, आणि मध्ये तू गचके खातोस. पिळली की मख्खन का? कारण जोराच्या थ्रॉटलला ईसीयू सेन्सरचं ऐकतच नाही, ठरलेल्या तक्त्यावर चालतो.

तपासणी सोपी. रात्रभर गाडी थंड राहू दे. सकाळी आधी टाकी, नळ्या, इंजेक्टरपाशी हात फिरवून बघ. कुठे ओलं लागलं तर पुढचं करू नको. सुकं असेल तर गाडी चालू कर आणि बेंड तापायच्या आत उदबत्ती घेऊन हेडच्या तोंडाशी धर. धूर सरळ वर गेला तर ठीक. ठोक्यागणिक झटका खात असेल तर पॅकिंग गेलं. कान दे, थंडपणी टिक-टिक आवाजही येईल, तापल्यावर पाइप फुगून तो कमी होतो. नट आवळून बघायचा मोह होईल, पण जोर लावू नको. स्टड तुटला तर हेड उतरवायची पाळी.

आमच्या वडिलांच्या टपरीत मायलेजसाठी राजदूतच्या कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये तांब्याच्या तारेचा एक धागा घालायचे, भोक बारीक करायला. तेव्हाही ते आधी सायलेन्सरचं पॅकिंग बघायचे, मग जेटला हात. लॅपटॉप आला म्हणून क्रम बदलत नाही.

लॅम्डा_पिंपरी

उद्यमनगरी काकांना पूर्ण अनुमोदन. मी डायनोवरच काम करतो. अशी गाडी आली तर मी मॅप न करता परत पाठवतो, कारण गळक्या पाइपात माझा वाइडबँडसुद्धा (पाइपातला ऑक्सिजन नेमका मोजणारा सेन्सर) खोटंच बोलणार.

पॅकिंग झाल्यावर पिगीबॅकचे सगळे आकडे शून्यावर ठेव आणि ५०-६० किमी एकसारख्या वेगाने चालव. ईसीयू इतके दिवस चुकीचं शिकलाय, त्याला ते विसरायला वेळ लागतो. मग मॅपचं बघू. तोवर इंटरनेटवरचा मॅप नको. तो कुठल्या पेट्रोलवर, कुठल्या फिल्टरवर केला होता कोण जाणे.

ई-२० बद्दल मात्र एक घोळ नेहमी दिसतो. साध्या पेट्रोलसाठी हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण १४.७ ला १, ई-२० चं साधारण १३.५. म्हणून लोक वाइडबँडच्या गेजवर १३.५ दिसेपर्यंत पेट्रोल वाढवत बसतात. बाजारातली बहुतेक गेज लॅम्डा (प्रत्यक्ष प्रमाण भागिले नेमकं प्रमाण) मोजून त्याला १४.७ ने गुणतात, पेट्रोल कुठलंही असो. म्हणजे ई-२० वरही गेजवर १४.७ दिसलं तर लॅम्डा १ च. १३.५ वर नेलंस तर क्रूझिंगला उगाच ९ टक्के जास्त पेट्रोल जाळशील. लॅम्डामध्येच विचार कर: निवांत चालताना १ च्या आसपास, फुल थ्रॉटलला ०.८७ ते ०.८८.

वाइडबँड लावायचा तर दोन्ही बेंडवर बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) वेल्ड करून घे, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नकोस. बंग आडव्यापेक्षा निदान १० अंश वर, नाहीतर सकाळचं पाणी सेन्सरवर पडून तो मरतो.

घाटवेडा_सातारा

काका, पाया पडतो. पॅकिंग जुनंच होतं. दुकानात फोन केला तर म्हणे, "चांगलं होतं, म्हणून ठेवलं."

सकाळी आईची उदबत्ती घेऊन पार्किंगमध्ये बसलो. उजवीकडे धूर सरळ. डावीकडे धरली आणि धूर अक्षरशः फुक-फुक उडायला लागला. फ्लँजच्या खाली काजळीची काळी रेघही सापडली, काळ्या कोटिंगवर इतके दिवस दिसलीच नव्हती. आई वरून विचारते, "गाडीची पूजा आज कशी काय?"

दोन्ही पॅकिंग नवी टाकली, पिगीबॅक शून्यावर. काल वाईला जाऊन आलो, पसरणी घाटासह ९० किमी. गचके गेले. टाकी भरून बघितलं, २४.५ चं मायलेज. थोडी फटफट अजून आहे. फुल थ्रॉटलला गाडी जरा कोरडी, पेट्रोल कमी पडल्यासारखी, वाटते.

उद्यमनगरी

कोरडी वाटणारच, फिल्टर मोकळा आणि मॅप शून्यावर. आता जा पुण्याला, आता पैसे सत्कारणी लागतील. तोवर फार पिळू नको. निघायच्या आधी बेंडचे नट थंडपणी एकदा तपास, नवं पॅकिंग तापलं की थोडं बसतं. आणि आवाज कमी करणारा बाफल सायलेन्सरात घालून जा, नाहीतर डायनोच्या आधी चौकातला हवालदारच मॅप करेल.